न निघणारे सील : बैलगाडीच्या वंगणापासून मोटारीच्या हबपर्यंत

१/
पावसाळा ओसरला की पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात घरासमोरच्या अंगणात जॅकवर चढवलेली एखादी जुनी मोटार दृष्टीस पडते. चाक निघते, ब्रेकचा ड्रम निघतो, हब हाती येतो; आणि मग बोटभर रुंदीची एक कडी सारे काम अडवून धरते. ती कडी म्हणजे चाकाच्या बेअरिंगचे ऑइल सील. किंमत किरकोळ, हट्ट मात्र भारी. या हट्टामागे शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असला तर हातोडा उचलण्यापूर्वी हात थोडा थांबतो.

२/
सीलकडे परस्परविरोधी अशी दोन कामे असतात. त्याची आतली रबरी कड फिरत्या दांड्याला हलकेच टेकून सतत घसरत राहिली पाहिजे. त्याची बाहेरची पोलादी कडा मात्र हबच्या भोकात इतकी घट्ट बसली पाहिजे की लाखो फेऱ्यांनंतरही ती तसूभर हलू नये. म्हणून सीलचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा मुद्दाम किंचित मोठा ठेवतात. ते सहजासहजी न निघणे हा दोष नव्हे. त्यासाठीच ते घडवलेले असते. आतून सैल आणि बाहेरून घट्ट असा हा मेळ साधण्यासाठी माणसाला फार काळ लागला.

३/
आरंभ बैलगाडीपासून करणे योग्य ठरेल. गाडीच्या लाकडी चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, बाहेरून लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकात लोखंडाची कडी, म्हणजे आवण, आणि त्यातून जाणारा आख. चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ. सुतार आणि लोहार या दोन बलुतेदारांच्या कामाची गाठ या ठिकाणी पडत असे. इथे फिरते आणि स्थिर यांच्यामध्ये ना गोळ्या होत्या, ना रूळ. लोखंडावर लोखंड घासत असे, आणि त्या दोहोंच्या मध्ये होते केवळ वंगण.

४/
हे वंगण घरचेच असे. एरंडेल किंवा करंजेल, त्यात जाळलेल्या पेंढ्याची वा चिंध्यांची काजळी. ते नळ्यात भरून गाडीला टांगलेले असे. वंगण राखण्याची कसलीच सोय चाकात नव्हती. ते गळणारच हे गृहीत धरलेले होते, आणि म्हणूनच गाडीवान मुक्कामागणिक ते पुन्हा भरी. आखाभोवती साचणारा काळा चिकट थर धुळीला थोडाफार अडवी. सीलचा पहिला अवतार शोधायचाच झाला, तर तो या काळ्या थरात शोधावा लागेल.

५/
या पट्ट्यात बैलगाडीचे महत्त्व मोठे होते. १८६४ साली मुंबई आणि अहमदाबाद रेल्वेने जोडली गेली, आणि डहाणू-जव्हारच्या जंगलातील लाकूड व माळरानावरचे गवत स्थानकांपर्यंत पोहोचू लागले ते गाड्यांनीच. मुंबईतील तबेल्यांची भूक या गवतावर भागे. त्यामागे वारली मजुरांचे श्रम होते. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला वारल्यांचा लढा वेठबिगारीविरुद्ध होता, तसाच गवतकापणीच्या मजुरीचाही होता. चाकाच्या इतिहासात चाक कोणासाठी फिरत होते याची नोंद सहसा राहून जाते.

६/
रेल्वेच्या चाकांची व्यवस्था बैलगाडीपेक्षा पुढारलेली होती, परंतु तत्त्वतः फार वेगळी नव्हती. आखाच्या टोकावर पितळी तुकडा टेकलेला, खाली तेलात भिजवलेल्या सुताचा गोळा, आणि हे सारे एका पेटीत. पेटीत धूळ गेली किंवा तेल आटले की आख तापे, धुमसे, प्रसंगी मोडून पडे. ‘हॉट ॲक्सल’ हा शब्द रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात आजही टिकून आहे. जाणाऱ्या गाडीच्या चाकांकडे निरखून पाहण्याची स्थानकावरील शिस्त याच भीतीतून जन्मली.

७/
गोळ्यांवर चाक फिरवण्याची कल्पना मात्र रेल्वेहूनही जुनी. वेल्समधील कार्मार्थेनचा लोखंड-व्यावसायिक फिलिप व्हॉन याने १७९४ साली घोडागाडीच्या आखासाठी खोबणीत फिरणाऱ्या गोळ्यांचे पेटंट घेतले. कल्पना अचूक होती, पण ती रुजली नाही. सर्व गोळे तंतोतंत एकाच मापाचे आणि पुरेसे कठीण असल्याशिवाय भार सर्वांवर सारखा पडत नाही. जो गोळा केसभर मोठा, तो एकटाच सारा भार सोसतो आणि फुटतो. अठराव्या शतकातील कारखानदारीला ही अचूकता साधणारी नव्हती.

८/
ती साधली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलसाठी बॉल बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फ्रिडरिश फिशरने पोलादी गोळे एकसारखे घासणारे यंत्र बनवले. १८९८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसचा गाडी-कारखानदार हेन्री टिमकेन याने निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळवले. वळणावर मालगाडीच्या चाकावर येणारा आडवा दाब गोळ्यांना सोसवत नाही, हे त्याने घोडे-खेचरांच्या गाड्या बनवताना ओळखले होते. मोटारीच्या चाकातले टेपर बेअरिंग अशा रीतीने जनावरांच्या गाडीतून आले.

९/
बेअरिंग अचूक झाले आणि त्याच क्षणी ते नाजूकही झाले. बैलगाडीच्या आवणात वाळूचा कण गेला तर थोडी घासाघीस वाढे, इतकेच. टेपर बेअरिंगमध्ये तोच कण आरशासारख्या पृष्ठभागावर खड्डा पाडतो; खड्ड्यातून पोलादाचे कण सुटतात आणि ते पुढचे खड्डे पाडतात. पाण्याचा थेंब ग्रीसमध्ये मिसळला तर गंज धरतो. म्हणजे आता वंगण आत राखणे आणि जग बाहेर राखणे ही दोन्ही कामे अनिवार्य झाली. सुरुवातीला ती नमद्याच्या आणि कातड्याच्या कड्यांवर सोपवण्यात आली.

१०/
कातडे हे काम करू शकते, हे महाराष्ट्राला नवे नव्हते. विहिरीवरची मोट कातड्याचीच असे. तेल पाजलेले कातडे मऊ राहते, दांड्याला बिलगते, आणि तेल थोडेफार शोषून स्वतःलाच वंगण पुरवते. जर्मनीतील वाइनहाइम येथे १८४९ साली स्थापन झालेला फ्रॉइडेनबर्ग हा मुळात कातडी कमावण्याचा कारखाना. १९२९ च्या आर्थिक संकटात कातड्याचा धंदा कोसळला, तेव्हा त्याने मोटार उद्योगासाठी कातडी सील बनवण्यास आरंभ केला. अभियंता वाल्टर झिमर याच्या नावावरून त्या सीलला ‘झिमररिंग’ हे नाव मिळाले.

११/
कातड्याची मर्यादा उष्णता ही होती. तापले की ते आक्रसते, कडक होते, भेगाळते. नैसर्गिक रबर तेलात फुगते, म्हणून तेही निरुपयोगी. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर बनवले आणि १९३६ पासून झिमररिंगची कड या कृत्रिम रबराची होऊ लागली. पोलादी कडा, तिच्यावर रबराची कड, आणि ती कड दांड्याशी बिलगून राहावी म्हणून भोवती बारीक वेटोळी स्प्रिंग. आजही अंगणात हाती येणारे बरेचसे ऑइल सील मूलतः याच घडणीचे असते.

१२/
कातड्याकडून नायट्राइलकडे झालेला हाच प्रवास पालघरच्या पाड्यांवर दुसऱ्या रूपात घडला. १९७० च्या आसपास जालना येथे विकसित झालेला हातपंप आणि त्यानंतरचा सोलापूरचा पंप यांच्या परंपरेतून ‘इंडिया मार्क टू’ हातपंप उभा राहिला. त्याच्या दट्ट्यावरील वाटीसारखे वॉशर आधी कातड्याचे असत. ते झिजले की पंप बंद आणि बायकांची पायपीट सुरू. १९८० च्या दशकात त्यांची जागा नायट्राइलच्या वॉशरने घेतली आणि दुरुस्तीची वारंवारता घटली. स्वस्त कडीवर किती जणांचे पाणी अवलंबून असते, हे पाड्यांनी अनुभवले.

१३/
मोटारींकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारजोडणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. तिचा कारखाना कुर्ल्याचा. १९५३ मध्ये केवळ जोडणी करणाऱ्यांना वाव न देण्याचे धोरण आले आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. त्यानंतरची तीन दशके थोड्या मोटारींची आणि दीर्घ प्रतीक्षेची. एकदा घेतलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे चालवणे भाग होते. घरच्या घरी हब उघडून ग्रीस बदलण्याचे कसब या टंचाईत घडले.

१४/
सुटे भाग देशात बनू लागले ते याच काळात. जयपूरमध्ये १९५० पासून बेअरिंग तयार होत होती. १९६० च्या दशकात स्वीडिश एसकेएफच्या सहभागाने पुण्याजवळ चिंचवडला बेअरिंगचा कारखाना उभा राहिला. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचून जगातील कोणत्याही कारखान्याचे तेच माप मागता येते, ही प्रमाणीकरणाची देणगी. सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. जुने सील ओरबाडून काढताना हे आकडे पुसले गेले, तर दुकानदारासमोर अंदाजाने बोलावे लागते. म्हणून आकडे आधी टिपून ठेवावेत.

१५/
तारापूरचे नाव देशभर पोहोचले ते १९६९ मध्ये, अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांमुळे. तिथल्या अणुभट्टीत पाणी फिरवणाऱ्या पंपांपुढेही प्रश्न तोच : दांडा फिरत राहावा, आणि आतले बाहेर येऊ नये. दाब, उष्णता आणि परिणाम यांच्या प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून तेथील सीलची रचनाही निराळी. तत्त्व मात्र अंगणातल्या हबचेच. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, चिल्हार फाट्यावरून महामार्गाला मिळणारा रस्ता अवजड वाहनांनी भरला, आणि या पट्ट्यातील चाकांचा भार कैक पटींनी वाढला.

१६/
येथे सील अधिक हट्टी का होते, याचे उत्तर भूगोलात आहे. समुद्रावरून येणारी खारी हवा, मुसळधार पावसात चाकभर पाण्यातून जाणारे रस्ते, सातपाटीसारख्या बंदरांतून मासळी नेणाऱ्या टेम्पोंतून ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी. मीठ गंजाचा वेग वाढवते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे सीलची कडा आणि हबचे भोक यांच्यातील फटीत गंज शिरला की तो पाचरीसारखा घट्ट रुततो. मुळातली घट्ट बसणी, त्यात ही गंजाची पाचर आणि उष्णतेने कडक झालेले रबर. हट्टाची ही तीन कारणे आहेत.

१७/
आता काढण्याची रीत. प्रथम सुरक्षितता. सपाट, टणक जमीन. उरलेल्या चाकांना पुढे-मागे अडण्या. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल केलेले. आणि जॅकवर विसंबून न राहता खाली भक्कम स्टँड. डोळ्यांना चष्मा, हातांत मोजे. ब्रेकचे कॅलिपर असल्यास ते तारेने वर टांगावे, नळीवर लोंबकळू देऊ नये. मग ग्रीसची टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचे बेअरिंग या क्रमाने काढून हब ओढून घ्यावा. सील हबच्या पाठीमागे, आतल्या बेअरिंगच्या पलीकडे असते. ते कोणत्या तोंडाने आणि किती खोल बसले आहे, हे काढण्याआधी पाहून ठेवावे.

१८/
हब लाकडी ठोकळ्यांवर ठेवावा. सीलच्या बाहेरच्या कडेवर गंज सोडवणारे पातळ तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे. घाई करणारा येथेच फसतो. नंतर सील-पुलरचा आकडा कडेच्या आत अडकवून, टेकूसाठी लाकडाचा तुकडा घेऊन, थोडेसे उचलावे. मग समोरच्या बाजूने थोडे, मग उरलेल्या दोन बाजूंनी. एकाच जागी जोर लावला की सील तिरके होते, आणि तिरके सील सरळ सीलपेक्षा अधिक अडकते. पुलर नसल्यास बोथट टॉमीही चालते, परंतु तिचे टोक हबच्या भोकाला टेकता कामा नये.

१९/
यावरही सील दाद देत नसेल, तर हबला बाहेरून ऊब द्यावी. गरम पाण्यात भिजवलेले फडके किंवा गरम हवेचे यंत्र पुरते. भोक किंचित प्रसरण पावते आणि पकड सैल होते. ज्योत मात्र वर्ज्य. ग्रीस पेट घेते, आणि काही सील फ्लोरोकार्बन रबराची असतात. ते रबर जळल्यास हायड्रोफ्लोरिक आम्ल सुटते, जे त्वचेवरून आत हाडापर्यंत इजा करते. रबर कोणते हे नजरेला ओळखू येत नाही. म्हणून ‘जाळून काढू’ हा गॅरेजमधला सोपा वाटणारा उपाय सर्वांत महाग पडू शकतो.

२०/
आणखी दोन मार्ग प्रचलित आहेत. सीलच्या पोलादी पाठीवर समोरासमोर दोन बारीक भोके पाडून त्यांत स्क्रू फिरवायचे आणि पकडीने ओढायचे. किंवा दुसऱ्या बाजूने लाकडी दांडा घालून आतल्या बेअरिंगसकट सील ठोकून बाहेर काढायचे. पहिल्यात धातूचा कीस आत पडतो, दुसऱ्यात बेअरिंगच्या रुळांवर घाव बसतो. म्हणून बेअरिंग बदलायचेच ठरले असेल तेव्हाच हे मार्ग घ्यावेत. निघालेले सील पुन्हा बसवू नये. काढताना त्याची कडा वाकलेलीच असते, डोळ्यांना ती दिसो वा न दिसो.

२१/
खरी कसोटी सील निघाल्यावर लागते. सील फुकट जायचेच असते. हबचे भोक आणि दांड्याचा पृष्ठभाग मात्र जपायचे असतात. छन्नीचा एक आडवा-तिडवा ओरखडा राहिला, की नव्या सीलच्या बाहेरून पाण्याला वाट मिळते. भोक बारीक पॉलिश पेपरने गोलाईच्या दिशेने साफ करावे. दांड्यावर जुन्या कडेने खाच पाडली असेल, तर नुसते सील बदलून गळती थांबणार नाही. जुने ग्रीस पूर्ण पुसावे, नवे ग्रीस रुळांच्या आत भरावे. सीलच्या आतल्या कडेला ग्रीस, बाहेरच्या कडेला तेलाचा हात, आणि सपाट ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखे ठोके. शेवटी नट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे आवळून नवी स्प्लिट पिन.

२२/
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार मध्यमवर्गाच्या घरी पोहोचली. अशा गाडीत इंजिनाकडून येणारा फिरता दांडा पुढच्या हबच्या आरपार जातो. बेअरिंग दाबून बसवलेले असते आणि त्याला प्रेस लागतो. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बेअरिंग, ग्रीस आणि सील मिळून एकच बंद नग होऊ लागला. ग्रीस भरणे नाही, नट जुळवणे नाही. वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. बिघडले की आख्खा नग बदलायचा.

२३/
अशा अनेक बेअरिंगांत सीलने तिसरे कामही पत्करले आहे. त्याच्या रबरात उत्तर-दक्षिण असे बारीक चुंबकीय ध्रुव वर्तुळाने भरलेले असतात, आणि शेजारचा सेन्सर ते मोजून चाकाची गती एबीएसला कळवतो. एप्रिल २०१९ पासून देशात नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. म्हणजे आज सील म्हणून जे उकरायचा मोह होतो, ते ब्रेकचे एक ज्ञानेंद्रिय असू शकते. अशा नगाचे सील मुळीच उकरू नये. बेअरिंग बसवताना ही बाजू उलटी पडली, तर चाक फिरते, पण एबीएसला ते दिसत नाही.

२४/
बैलगाडीच्या नळ्यापासून या बंद नगापर्यंतचा प्रवास हा देखभालीच्या हस्तांतराचाही इतिहास आहे. गाडीवान मुक्कामागणिक वंगण भरी, कारण त्याला आख दिसत असे, ऐकू येत असे. बंद हबने ते श्रम वाचवले, अपघात घटवले, आणि त्याचबरोबर चाकाचे ऐकण्याची सवयही संपवली. वेगाबरोबर वाढणारी घरघर, वळणावर बदलणारा तिचा सूर, हबभोवती ओघळलेले काळे ग्रीस आणि थांबल्यावर एकाच चाकाला लागणारी ऊब या खुणा मात्र आजही त्याच आहेत. त्या दुर्लक्षिल्या तर बेअरिंग जाम होते. भरधाव महामार्गावर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

२५/
काढलेले ग्रीस आणि चिंध्या गटारात टाकू नयेत; ते अखेर खाडीतच पोहोचते, आणि या पट्ट्यातील खाड्यांनी आधीच पुष्कळ सोसले आहे. बंद डब्यात भरून ते जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. उरले ते वाकलेले, गंजलेले सील. ते फेकण्यापूर्वी एकदा हातात धरून पाहावे : बाहेरची कडा गंजाने खडबडीत, आतली कड मात्र दांड्याशी घासून गुळगुळीत झालेली. बोटाने चाचपले तरी त्याची दोन्ही कामे कळतात. ते इतक्या हट्टाने बसले होते, म्हणूनच पावसाळाभर बेअरिंग कोरडे राहिले.